डोळ्यांनी बोलायचं मशीन

हिमानीचं बोलणं पूर्ण थांबलं, त्यानंतर वर्षभरानं ती पुन्हा बोलली. पहिलं वाक्य होतं, "माय, पंखा कमी कर. मला थंडी वाजते. वर्षभर वाजते आहे."

आवाज तिच्या तोंडून आला नव्हता. पलंगाला जोडलेल्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून आला होता. हिंदी वळणाचा, सपाट, कुठल्यातरी अनोळखी बाईचा. पण मथुराबाईनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आधी उठून पंखा बंद केला, मग लेकीच्या पायांवर गोधडी टाकली, मग पलंगाच्या कडेला बसून ती खूप रडली. "मले काय माहीत, बाई," ती म्हणत होती, "मले वाटे तुले गरम होत असंल."

हिमानी शाहपूरच्या एका शाळेत गणित शिकवायची. एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग चप्पल पायातून निसटायला लागली, मग जीभ जड झाली. इंदूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. शरीरातला एकेक स्नायू काम सोडत जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील, आणि डोळे सगळ्यात शेवटी जातील. झालंही तसंच. लग्न ठरत होतं ते आपोआप मागे पडलं. वडील आधीच गेले होते. बहादरपूरचं केळीचं शेत चुलत्याकडे कसायला देऊन मथुराबाई लेकीला घेऊन बुऱ्हाणपुरात, बुधवारा भागात आली. तिथे माडीवरच्या दोन खोल्यांत तिचा मुलगा रितेश राहायचा. जवळच्या शनवारा भागात त्याचं लॅपटॉप आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

मशीन रितेशनंच मिळवलं. इंदूरच्या एका घरात असाच एक रुग्ण होता, तो गेला. त्याच्या मुलानं लॅपटॉप आणि त्याच्याखाली बसवायचा पट्टीसारखा कॅमेरा उचलून रितेशच्या हातात दिला. "हमारे अब किस काम का," एवढंच म्हणाला. कॅमेरा माणसाची बुबुळं पाहायचा. पडद्यावर अक्षरं असत. ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटायचं. अक्षराला अक्षर जोडून वाक्य झालं की कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघायचं, म्हणजे मशीन ते मोठ्यानं बोलायचं.

हे मोठ्यानं बोलणं महत्त्वाचं होतं, कारण मथुराबाईला वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. दिवसभर घरात दोघीच. मथुराबाई भाजी निवडता निवडता काहीतरी सांगायची आणि मग गप्प बसून वाट पाहायची. पाच-सात शब्दांच्या उत्तरालाही बराच वेळ लागायचा. तिला त्याची सवय झाली होती. मेथीची जुडी निम्मी निवडून व्हायची तेव्हा उत्तर यायचं, आणि ती लगेच भांडायलाही लागायची. "असं काहून म्हणते? सरुबाईच्या सुनेचं काही चुकलं नाही." पुन्हा शांतता. पुन्हा मेथी. पुन्हा तो सपाट आवाज, "चुकलं. तूच मागे म्हणालीस."

संध्याकाळी रितेश जिना चढून यायचा तेव्हा दोघींचं काहीतरी चाललेलं असायचं आणि त्याला मध्ये तोंड घालायला जागा नसायची. त्याला ते आवडायचं.

लॅपटॉप जुना होता. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तो तापून आपोआप बंद पडायला लागला. रितेशनं पंखा बदलला, आतली धूळ काढली, चिपवर नवी पेस्ट लावली. थोडे दिवस चालला, मग पडद्यावर आडव्या रेषा आल्या. त्यानं भुसावळहून त्याच मॉडेलचा दुसरा जुना लॅपटॉप शोधून आणला. तोही महिनाभरात तसाच वागायला लागला. त्या मॉडेलच्या चिपमध्येच खोट होती. रितेशनं अशी पुष्कळ मशीन दुकानात मरताना पाहिली होती.

त्याच सुमारास डॉक्टर घरी येऊन गेले. हिमानीचा श्वास उथळ झाला होता. जिन्यात उभं राहून ते रितेशशी बोलले, पण दार उघडं होतं आणि हिमानीला सगळं ऐकू गेलं. पुढे श्वास पुरणार नाही. तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि मशीननं श्वास द्यायचा की नाही, हे आताच ठरवून ठेवा. नळी घातली तर ती कितीही वर्षं अशीच पडून राहू शकेल. "सोच लीजिए. ऐन वक्त पे सोचने का टाइम नहीं मिलता."

डॉक्टर गेल्यावर, मथुराबाई खाली पाणी भरायला गेली असताना, मशीन बोललं. "मला नळी नको."

रितेशनं उघडं दार लोटून घेतलं.

"मायला मी सांगेन. माझं मी सांगेन. तू बोलू नको."

"कधी सांगशील, ताई?"

"बघते. तिचा मूड बघून."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप चालू झाला नाही. दुकानात नेऊन रितेशनं तो सगळा खोलला. बोर्ड गेला होता. भुसावळहून आणलेला तर आधीच बंद पडला होता.

रितेशला आधी ते फार मोठं वाटलं नाही. डिस्क शाबूत होती. दुकानात एक चांगला नवा लॅपटॉप होता, त्यात जुनी डिस्क टाकली की झालं. पण जुन्या सिस्टीमला नवा लॅपटॉप कळेचना. पडदा काळा. त्यानं नवी सिस्टीम टाकली. पडदा लखलखीत आला, आवाज आला, अक्षरांचा प्रोग्रामही चालला. कॅमेऱ्याचा लाल दिवा मात्र लागला नाही.

त्यानं सागरला फोन केला. सागर त्याच्याबरोबर बुऱ्हाणपूरच्याच कॉलेजात होता, आता पुण्यात प्रोग्रामर होता. सागरनं लांबूनच मशीनमध्ये शिरून पाहिलं.

"कर्नल का लफडा है, यार," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनवलेला आहे. नवा कर्नल त्याला आत घेत नाही. लॅपटॉपला नवा कर्नल पाहिजे, कॅमेऱ्याला जुना. दोन्ही एका घरात राहत नाहीत."

"कंपनीकडून नवा ड्रायव्हर?"

"कंपनी कधीच बंद झाली. मी बघितलं. वेबसाईटपण नाही."

कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. पडदा, डिस्क, कीबोर्ड, कॅमेरा या सगळ्यांशी तोच बोलतो, आणि प्रत्येक वस्तूची भाषा त्याला समजावून देणारा एक दुभाषा असतो, तो ड्रायव्हर. गाभा बदलला की जुन्या दुभाष्यांना पुन्हा शिकवावं लागतं. बाकीच्या वस्तूंचे दुभाषे जगभरची माणसं शिकवत राहतात. या कॅमेऱ्याच्या दुभाष्याला शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. त्यातून तो अर्धाच उघडा होता. अर्धा भाग वाचता येईल असा आणि अर्धा कंपनीनं बंद डबा करून दिलेला, ज्यात काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

घरी रितेशनं एक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणला आणि त्यावर मार्करनं अक्षरं लिहिली. पत्रा हिमानीच्या चेहऱ्यासमोर धरायचा, पलीकडून तिची नजर कुठे जाते ते बघायचं, अक्षर बरोबर असलं की ती पापणी मिटायची. काम चालायचं, पण ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. दिवसभर मथुराबाई एकटी असायची. ती विचारायची, "पाणी? कूस बदलू? डास चावला?" आणि हिमानी हो म्हणायला एकदा आणि नाही म्हणायला दोनदा पापणी मिटायची. मथुराबाई विचारत राहायची, विचारत राहायची, आणि नेमका हवा तो प्रश्न तिला सुचायचा नाही. मग हिमानी छताकडे बघायला लागायची. संध्याकाळी रितेश आला की पत्र्यावरून कळायचं की उशीचं बटण सकाळपासून कानात रुतत होतं.

"फोनवर तू कोणाशी सारखा बोलत असतो?" एक दिवस मथुराबाईनं विचारलं. "कोण हाये हा कर्नल? मिलिटरीतला?"

"नाही गं माय. कॉम्प्युटरच्या आतला असतो."

"मग त्याले सांग ना. म्हणा, घरी माणूस बोलायचं थांबलं हाये."

रितेश हसला, पण नंतर दुकानात बसल्यावर त्याला हसू आलं नाही.

त्यानं मधला एक कर्नल शोधून टाकून पाहिला, ना फार जुना ना फार नवा. पडदा लुकलुकायचा आणि कॅमेरा तरीही बंदच. मग सागरनं नव्या सिस्टीमच्या पोटात जुनी सिस्टीम चालवून पाहिली. कॅमेरा लागला! पण चित्र तुटत तुटत आणि उशिरा यायचं. हिमानीची नजर 'क'वर असताना बाण अजून 'अ'पाशी रेंगाळत असायचा. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. इंदूरच्या एका संस्थेनं दुसऱ्या कंपनीचा अगदी नवा कॅमेरा वापरून बघायला दिला. हिमानीची डावी पापणी अर्धी उतरलेली होती. नव्या कॅमेऱ्याला दोन्ही डोळे पूर्ण उघडे लागायचे, त्याला तिचा चेहराच सापडेना. जुना कॅमेरा एका डोळ्यावर चालायचा. नवा परत पाठवावा लागला.

उरला एकच रस्ता. दुभाष्यालाच नवं शिकवायचं. रितेश काही प्रोग्रामर नव्हता. तो मशीन खोलून जोडणारा माणूस. तरी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो सागर सांगेल तसं करत बसायचा. ड्रायव्हर पुन्हा बांधायचा, नव्या कर्नलच्या तोंडावर मारायचा, लाल अक्षरांतल्या चुकांची रांग यायची, ती सागरला पाठवायची. मधल्या वर्षांत कर्नलमधल्या कितीतरी गोष्टींची नावं बदलली होती, कितीतरी काढूनच टाकल्या होत्या. उघड्या भागातली नावं सागर बदलत गेला. बंद डबा मात्र जुन्याच नावांनी हाका मारत होता, आणि त्या नावांचं तिथे कुणी राहत नव्हतं. सागरला नोकरी होती, लहान मूल होतं. तो वेळ मिळेल तसा करायचा. कधी आठवडा आठवडा त्याचा फोन यायचा नाही.

इकडे हिमानीचा श्वास कमी होत होता. झोपेत ती घामाघूम व्हायची. डॉक्टर पुन्हा येऊन गेले आणि या वेळी त्यांनी मथुराबाईच्या समोरच विचारलं. मथुराबाईला सगळं समजलं नाही. तिला एवढंच कळलं की नळी घातली की पोरगी जगते. "घाला म्हणा," ती लगेच म्हणाली. "त्यात काय विचारायचं?"

हिमानीनं दोनदा पापणी मिटली. मग पुन्हा दोनदा.

"माय, ती नको म्हणते," रितेश म्हणाला.

"काय नको म्हणते? तिच्या डोळ्यात काही गेलं असंल."

त्यानं पत्रा आणला. हिमानीच्या नजरेमागून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेला. म-ला-न-ळी-न-को. मथुराबाई पत्र्याकडे, मग मुलाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"हे तू बोलू राहिला," ती म्हणाली. "तिच्या नावानं तू बोलू राहिला. ती बोलायची तर मले समजे. मशीनमधून येई ते तिचं असे. हे तुझं हाये."

"माय, मी कशाला खोटं सांगू?"

"थकला तू. मले दिसत नाही का? थकला, म्हणून सांगू राहिला."

रितेशनं पत्रा खाली ठेवला. तो खरंच थकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुद्दाम घरी आला. मथुराबाई मागच्या खोलीत लवंडली होती. त्यानं पत्रा धरला. हिमानीनं एकेक अक्षर उचललं.

"तू टाईप कर. मशीन बोलू दे."

त्याला समजायला वेळ लागला. नव्या लॅपटॉपवर आवाज होता, अक्षरांचा प्रोग्राम होता. फक्त कॅमेरा नव्हता. कीबोर्डवरून कुणीही वाक्य घातलं तर तोच जुना आवाज ते बोलणार होता.

"ती तर फसवणूक झाली, ताई."

"शब्द माझे."

"आणि तिनं उलट काही विचारलं तर?"

हिमानीनं बराच वेळ कुठल्याच अक्षराकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "तुला माहीत आहे मी काय म्हणेन."

दोघांनी मिळून वाक्यं ठरवली. त्यात सगळी दुपार गेली. मथुराबाई उठून चहा टाकायला लागली तेव्हा रितेशनं लॅपटॉप टेबलावर चढवला, कॅमेऱ्याची मेलेली पट्टी नेहमीच्या जागी बसवली, आणि छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन पलंगाच्या डोक्याकडे, आईला दिसणार नाही असा, जमिनीवर बसला.

"माय, इकडे ये," मशीन म्हणालं.

मथुराबाईच्या हातातून गाळणी पडली. ती धावतच आली. "बोलली! रितेश, बोलली रे!" तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोल, माय माझी. बोल."

"मी रोज विचार करते. मला गळ्यात नळी नको. मला मशीनच्या श्वासावर राहायचं नाही. तू रितेशवर रागावू नको. हे माझं आहे."

मथुराबाई ऐकत होती. तिचे हात लेकीच्या गालांवरच होते. ती काही ओरडली नाही. खूप हळू आवाजात म्हणाली, "मग मी काय करू, हिमा? तू गेल्यावर मी दिवसभर कोणाशी बोलू?"

हे ठरलेल्या वाक्यांत नव्हतं. रितेशची बोटं कीबोर्डवर थांबली. ताईनं काय म्हटलं असतं? त्याला वाटलं होतं आपल्याला माहीत असेल. शेवटी त्यानं लिहिलं, "रितेश आहे ना. तो तुझी काळजी घेईल."

आवाज बोलून थांबला. मथुराबाई तशीच बसून होती. हिमानी तिच्याकडे बघत होती, एकटक, डोळे भरून. आणि हळूहळू मथुराबाईचे हात गालांवरून खाली आले.

"बोलायची तेव्हा ती माझ्याकडे कधीच पाहत नव्हती," ती म्हणाली. "पाहू शकत नव्हती. तिले पडद्याकडे पाहावं लागे. आता ती माझ्याकडे पाहू राहिली."

ती वाकली आणि पलंगाच्या डोक्याकडे पाहिलं. रितेशच्या मांडीवर कीबोर्ड होता.

मथुराबाईनं आरडाओरडा केला नाही, हे त्याला जास्त लागलं. ती आत गेली, सांडलेला चहा फडक्यानं पुसला आणि पुन्हा आधण ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. हिमानीशी मात्र ती सारखी बोलायची, आणि मध्येच, जुन्या सवयीनं, उत्तरासाठी थांबायची.

सागरचा फोन आला तो यानंतर. त्यानं जुन्या नावांना नव्या नावांकडे वळवणारा एक छोटा पूल लिहिला होता. बंद डबा जुन्या नावानं हाक मारेल, पूल ती नव्या जागी पोचवेल. "चलेगा की नहीं पता नहीं," तो म्हणाला. "कधी कधी अडकतं. पण चित्र येतंय."

रितेशनं दुकानात लावून पाहिलं. लाल दिवा लागला. पडद्यावर त्याचाच डोळा, मोठा, दाणेदार, हलता. समोरच्या झेरॉक्सवाल्याला सांगून त्यानं शटर ओढलं आणि घरी आला.

हिमानीच्या समोर कॅमेरा बसवून त्यानं नजर जुळवायची फेरी केली, पडद्यावर एकेक बिंदू येतो आणि त्याकडे बघायचं असतं ती. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा जमली. बाण थरथरत होता, उजवीकडे सरकत होता, पण चालत होता. हिमानीची नजर एका अक्षरावरून दुसऱ्यावर अशी धावली, जसं कुणी तहानलेलं माणूस पाणी पितं.

"माय," मशीन म्हणालं.

मथुराबाई दारातच उभी राहिली.

"माय हे मी आहे."

"रितेश, बंद कर," मथुराबाई म्हणाली.

"माय, आता खरं आहे. बघ, ती पडद्याकडे बघते आहे. बघ माझे हात." त्यानं दोन्ही हात वर केले.

"मोबाईलवरून बी करता येते. मले माहीत हाये."

त्यानं खिशातला मोबाईल काढून जमिनीवर ठेवला.

"तो पुण्याचा पोरगा करू राहिला असंल. तुम्ही कुठूनबी करता."

"मी आहे," मशीन म्हणालं. "विचार काही."

मथुराबाई पुढे आली. रितेशकडे न बघता ती पलंगाशी बसली. "मग सांग. तुझे बाप गेले त्या सकाळी शेतात आपण दोघीच होतो. रितेश नव्हता, कोणी नव्हतं. ते तुले काय बोलले? मी कोणाले कधी सांगितलं नाही. तू बी सांगितलं नसंल. सांग."

हिमानीची नजर पडद्यावर गेली. एक अक्षर, दुसरं, तिसरं. ती घाई करत होती, चुकीचं अक्षर आलं, तिनं पुसलं. रितेश हात वर करून उभा होता. त्याला पडद्याकडे बघायचं नव्हतं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतं, आणि तरी तो बघत होता. तिची नजर कोपऱ्यातल्या चौकोनाकडे वळली.

"त्या—" मशीन म्हणालं. आणि अडकलं. "त्या त्या त्या त्या त्या त्या," तोच सपाट आवाज, न थांबता, मोठ्यानं, खोलीभर. बाण गोठला होता. लाल दिवा पेटलेलाच. रितेशनं बटण दाबलं, काही होईना. दाबून धरलं. आवाज चालूच. शेवटी त्यानं लॅपटॉप उलटा करून बॅटरीच ओढून काढली.

शांतता झाली तेव्हा मथुराबाई उठून उभी होती. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"पुन्हा हे माझ्या पोरीपुढं आणू नको," ती म्हणाली.

हिमानीनं डोळे मिटून घेतले.

सागर म्हणाला, बंद डब्याला मेमरीतल्या एका गोष्टीचं माप जुनं माहीत आहे, नव्या कर्नलमध्ये ते माप वाढलंय, म्हणून तो शेजारच्या जागेत लिहून ठेवतो आणि सगळं कोसळतं. डब्याच्या आत कुठे ते शोधायला वेळ लागेल. रितेशनं विचारलं, किती? सागरला सांगता येईना.

तेवढा वेळ मिळाला नाही. पावसाळा सरता सरता एका सकाळी हिमानीचे ओठ निळे पडले. माडीवरून तिला खुर्चीत बसवून उतरवताना शेजारची चार माणसं लागली. दवाखान्यात नाकातोंडावर मास्क बांधला, तो पुरेना. डॉक्टर बाहेर आले. हे वेगळे डॉक्टर होते, तरुण, घाईत.

"ट्यूब डालनी पड़ेगी. अभी. आप भाई हैं? पेशंट ने इस बारे में कभी कुछ बोला था? हाँ या ना?"

मथुराबाई बाकावर बसली होती. ती उठून आली आणि तिनं रितेशचा हात धरला नाही, शर्टाची बाही धरली. लहानपणी बाजारात तो धरायचा तशी. तिनं काही मागितलं नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

काचेच्या दारातून हिमानीचा पलंग दिसत होता. तिचं तोंड दुसरीकडे होतं.

"नहीं," रितेश म्हणाला. "कुछ नहीं बोली."

हिमानी वाचली. महिन्याभरानं ती घरी आली. गळ्यात नळी, पलंगाशेजारी श्वास देणारं मशीन, त्याचा फस्स-फस्स आवाज दिवसरात्र. लाईट गेली तर म्हणून रितेशनं इन्व्हर्टर बसवला. नळीतला कफ ओढून काढायला मथुराबाई शिकली. दवाखान्यातल्या नर्सनं एकदाच दाखवलं होतं. ती ते काम फार जपून, फार नेटकं करायची.

त्याच दिवसांत सागरला डब्यातली ती जागा सापडली. त्यानं पूल दुरुस्त करून पाठवला. रितेशनं दुकानात सगळं नव्यानं बांधलं. आधी एक दिवस आणि मग सबंध आठवडा तो स्वतःच्या डोळ्यांनी बोलत बसला. काहीबाही वाक्यं. नमस्कार. आज उकडतं आहे. टीव्हीचा रिमोट कुठे आहे. एकदाही अडकलं नाही. त्यानं सागरला फोन करून सांगितलं. सागर खूश झाला. "ताईला लाव लगेच," तो म्हणाला. "तिचं पहिलं वाक्य मला रेकॉर्ड करून पाठव."

घरी मशीन घेऊन जाताना आईला काय सांगायचं हे रितेशनं ठरवलं होतं, पण सांगावं लागलं नाही. मथुराबाईनं लॅपटॉपकडे पाहिलं आणि स्वतःच पलंगाशेजारचं स्टूल बाजूला केलं.

"लाव," ती म्हणाली. "मी ऐकीन. काय बी बोलली तरी ऐकीन. तुझंच असलं तरी ऐकीन."

त्यानं कॅमेरा बसवला. लाल दिवा लागला. बिंदूंची फेरी सुरू केली. पडद्याच्या कोपऱ्यात हिमानीचा उजवा डोळा स्पष्ट दिसत होता, उघडा, ओला. पहिला बिंदू आला.

तिनं डोळे मिटले.

"ताई," रितेश म्हणाला. "ताई, चालतंय आता. अडकत नाही."

श्वासाचं मशीन फस्स-फस्स करत होतं. पापण्या हलल्या नाहीत. झोपलेल्या माणसाच्या पापण्या आतून थोड्या थरथरतात, तशाही नाहीत. मथुराबाई वाकून म्हणाली, "हिमा, पंखा कमी करू का? सांग ना. रागाव मले. काय बी म्हण."

रितेशनं लॅपटॉप बाजूला सरकवला. तेव्हा हिमानीनं डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं. त्यानं पुन्हा समोर आणला. तिनं पुन्हा मिटले.

तो रोज लावायचा. सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. कधी पत्रा धरायचा. तिची नजर कुठल्याच अक्षरावर थांबायची नाही. हो की नाही विचारलं तर पापणी एकदाही मिटायची नाही, दोनदाही नाही. मथुराबाई भाजी निवडत बोलत राहायची. शेजारच्या गोटूच्या घरचं बाळंतपण, नळाला न आलेलं पाणी, बहादरपुरात कुणाच्या बागेत वाऱ्यानं केळी आडवी झाली ते. प्रत्येक गोष्टीनंतर ती थांबायची. आता ती फार वेळ थांबत नव्हती.

एकदा संध्याकाळी तिनं रितेशला विचारलं, "बिघडलं का रे ते पुन्हा?"

"नाही माय," तो म्हणाला. "चांगलं चालतं."

मथुराबाईनं मान हलवली, आणि निवडलेल्या मेथीचं ताट घेऊन ती आत गेली.